उशीर कुणाचा, राग कुणावर?



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्या घरांत बऱ्याच गोष्टी एकदम जमून येतात. नाताळची सुट्टी असते, मुले घरी असतात, परगावचे नातेवाईक येतात. २५ तारखेला सार्वजनिक सुट्टी असल्यामुळे अनेक ठिकाणी बालशिबिर किंवा दिवसभराचे सामूहिक ध्यानही ठेवलेले असते. कधी मार्गशीर्षातले उत्सव याच दिवसांत येतात. २०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला होती. आपल्याकडे रवा, तूप, नारळ, केळी लागतात, तर शेजारच्या ख्रिस्ती घरात मैदा, लोणी, मनुका, काजू लागतात. पूर्वी पिशवी घेऊन वाण्याकडे जावे लागे. आता मोबाइलवर ऑर्डर दिली जाते आणि नेमकी याच आठवड्यात ती चुकते. हव्या त्या वेळेचा स्लॉट मिळत नाही. पंधरा मिनिटे म्हणून दाखवलेली वेळ पाऊण तासावर जाते. पैसे भरून झाल्यावर कळते की नारळ संपले. साजूक तुपाच्या जागी वनस्पती तूप येते. तक्रार करायला जावे तर समोर माणूस नसतो. ठरावीक उत्तरे देणारे यंत्र पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत राहते.

आणि मग बेल वाजते. दारात हेल्मेट घातलेला एक मुलगा उभा असतो. त्या क्षणी आपण काय बोलतो?

पैसे मोजणाऱ्याला रागावण्याचा हक्क असतो का, आणि असला तर कुणावर, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. विषय किराण्याचा आहे म्हणून तो हलका समजू नये. सत्संगात आपल्याला राग येण्याचे फारसे कारणच नसते. तिथे सगळे हळू बोलतात आणि चहा वेळेवर मिळतो. आपली खरी तयारी किती झाली आहे हे दारात, संध्याकाळी साडेसात वाजता, पाहुणे बसलेले असताना कळते.

आधी हे सामान येते कसे ते पाहू. आपण ज्याला दुकान समजतो ते बहुधा दुकान नसतेच. वस्तीतल्या एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर कंपनीचे छोटे गोदाम असते. तिथे ग्राहकाला प्रवेश नसतो. आत एक जण फळीवरून वस्तू गोळा करतो आणि पिशवी बांधून ठेवतो. बाहेर थांबलेला दुसरा ती उचलतो आणि आपल्या घरी आणतो. मोबाइलवर जो साठा दिसतो तो संगणकाच्या हिशेबातला असतो. फळीवर शेवटचे पाकीट फाटलेले असेल, किंवा त्याच मिनिटाला दुसऱ्या कुणी ते मागवले असेल, तर हिशेब आणि फळी यांचा मेळ बसत नाही. एरवी हा फरक किरकोळ असतो. सणाच्या आठवड्यात लोणी, मनुका, दूध अशा मोजक्याच वस्तूंवर सगळ्यांची एकदम उडी पडते, म्हणून तो उघडा पडतो. कॉमर्सच्या वर्गात साठ्याचे व्यवस्थापन शिकताना हेच सूत्र म्हणून येते. घरी ते रिकाम्या डब्याच्या रूपात येते.

आमच्या ओळखीच्या एक आंटी आहेत, मूळच्या गोव्याच्या. नाताळात त्या नेवऱ्या, कुलकुल, दोदोल आणि केक करतात आणि ताटे भरून सगळ्या मजल्यांवर पाठवतात. एका वर्षी २४ तारखेला संध्याकाळी त्यांनी केकसाठी लोणी मागवले. आले तासाभराने, आणि लोण्याऐवजी मार्गारीन आले. त्यांचा संताप योग्यच होता, कारण सकाळच्या मिसाआधी केक व्हायचा होता. त्या दारातल्या मुलाला बोलू लागल्या. तो म्हणाला, “आंटी, पिशवी मला बंदच मिळते. आत काय आहे ते मला दिसत नाही.” त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी विचारले, “मग कुणाला सांगू, बाबा?” त्याने मोबाइलमध्ये तक्रार कुठे करायची ते दाखवले आणि पुढच्या ऑर्डरला उशीर होतोय म्हणून धावत खाली गेला.

आंटींचा हा प्रश्न फार मोलाचा आहे. मग कुणाला सांगू? जिने वचन दिले ती कंपनी दिसत नाही. ज्याने पिशवी भरली तो दिसत नाही. ‘इतक्या मिनिटांत’ असे ज्याने जाहिरातीत लिहिले तो तर दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. दिसतो फक्त एक जण, आणि नेमके ज्याच्या हातात सर्वांत कमी आहे असा. आपल्या भाषेत याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात. घरात सासूवरचा राग मुलावर निघतो तेव्हा आपल्याला ते लगेच ओळखू येते. दारात मात्र आपण त्याला ‘ग्राहकाचा हक्क’ असे चांगले नाव देतो.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी हे टिकत नाही. आपला करार वस्तू विकणाऱ्याशी आणि ती पोहोचवण्याचे कबूल करणाऱ्या कंपनीशी असतो. पिशवी आणणारा त्या खरेदी-विक्रीत पक्षकारच नाही. गंमत अशी की कंपन्या त्याला ‘पार्टनर’ म्हणतात आणि नफ्यातोट्यात मात्र तो भागीदार नसतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा प्रकारे काम करणारे सुमारे ७७ लाख लोक होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. म्हणजे ही माणसे आहेत आणि त्यांना सुरक्षेची गरज आहे, हे कायद्यात उमटायलाही इतका वेळ लागला.

त्याच वर्षी, २५ आणि ३१ डिसेंबरला, घरपोच सेवा देणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी देशभर संपाची हाक दिली. दहा मिनिटांत पोहोचवण्याची घाई थांबवा, सुनावणीशिवाय आमचे खाते बंद करू नका, मोबदला नीट द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दिवस मुद्दाम निवडलेले होते, कारण आपली निकड तेव्हाच सर्वांत जास्त असते. त्या दिवशी कुणाच्या घरी केक राहिला असेल, कुणाच्या शिबिरातला शिरा राहिला असेल, आणि त्यांना राग आला असेल. पुढच्या महिन्यात केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणे केले आणि एका मोठ्या कंपनीने जाहिरातीतून ‘दहा मिनिटे’ हे शब्द काढले. आता हा विचार करावा: ती दहा मिनिटे आपल्याला खरोखर हवी होती का? तीस वर्षांपूर्वी गूळ संपला तर आई शेजारून वाटीभर आणत असे, नाहीतर उद्यावर ढकलत असे. घाई आपल्याला विकली गेली, आपण ती घेतली, आणि तिची किंमत रस्त्यावर गाडी चालवणारा देतो.

इथे अनुवाद-सेवेत आलेली एक अडचण सांगावीशी वाटते. हिंदी प्रवचनांत ‘राग-द्वेष’ हा शब्द सारखा येतो. तो तसाच मराठीत ठेवला तर वाचकाला वाटते, संताप आणि मत्सर. पण संस्कृतात राग म्हणजे ओढ, आसक्ती. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ क्रोध झाला आहे. म्हणून तिथे आम्ही ‘आसक्ती’ लिहितो. पण मला राहून राहून वाटते की आपल्या भाषेने नकळत एक खरी गोष्ट सांगितली आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ही साखळी सांगितली आहे: विषयाचे चिंतन, मग त्याची आसक्ती, त्यातून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून मोह, मग आठवणीचा भ्रंश आणि शेवटी बुद्धीचा नाश. मराठीने साखळीतली आसक्ती आणि क्रोध ही दोन्ही टोके एका शब्दात बांधून टाकली.

मोबाइलवर त्या छोट्या नकाशातली गाडी आपण कशी पाहतो ते आठवा. आता वळणावर आला, आता सिग्नलला थांबला, अरे, उलट्या दिशेने का जातोय? हे चिंतनच आहे, आणि ध्यानापेक्षा अधिक एकाग्रतेने केलेले. वीस मिनिटे तसे पाहत बसल्यावर बेल वाजते, तेव्हा राग जिन्यावरून वर आलेला नसतो. तो आपण सोफ्यावर बसून तयार केलेला असतो. आणि आठवणीचा भ्रंश म्हणजे काय, तेही दारातच दिसते. समोरचा कुणाचा तरी मुलगा आहे, आज त्याच्याही घरी सुट्टी आहे, कदाचित त्याच्याही घरी आजच नाताळ आहे, हे त्या क्षणी आठवतच नाही.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. म्हणजे साधकाने फसवणूक निमूटपणे सोसायची का? तुपाचे पैसे घेऊन वनस्पती पाठवले तरी हसत राहायचे का? मला तसे वाटत नाही. अशा वेळी गप्प राहण्याला आपण क्षमा म्हणतो, पण बऱ्याचदा तो आळस असतो. ज्याच्याकडे मागणे योग्य आहे त्याच्याकडे हिशेब नीट मागावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. न मागता यादीत वस्तू घुसवणे किंवा शेवटच्या पडद्यावर नवे शुल्क उगवणे, या युक्त्यांना सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केली आहे. तक्रारीत फोटो, वेळ आणि रक्कम लिहावी. शिव्या लिहिल्याने रक्कम वाढत नाही.

तुकोबारायांचे घराणे व्यापारी होते आणि सावकारीही करत होते, हे आपण जाणतो. दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडच्या कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडले, ही कथा आपण सगळे सांगतो. पण परंपरा तिच्यात एक बारीक गोष्ट सांगते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. आधी त्यांनी कागदांची वाटणी केली. धाकटे भाऊ कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्याकडे दिला आणि बुडवला तो फक्त स्वतःचा. हिशेब शिकणाऱ्याला ही वाटणी फार मोठी वाटते. सोडून देता येते ते आपले असते तेवढेच. माझ्या घरचे तूप चुकले तर ते मी सोडून देऊ शकते. पण केंद्राच्या शिबिरासाठी सगळ्यांच्या वर्गणीतून मागवलेला पाच किलो रवा कमी आला, तर तो कमी आलेला रवा माझा नाही. तिथे ‘जाऊ दे’ म्हणून उदार होणे म्हणजे कान्होबांचे कागद पाण्यात टाकणे. वरच्या मजल्यावरच्या आजोबांसाठी औषधासोबत मागवलेले दूध आले नाही, तर त्यांच्या वतीने तक्रार करणे ही सेवाच आहे.

राहिला प्रश्न ताऱ्यांचा. सामान मिळाल्यावर मोबाइल विचारतो, आणणाऱ्याला किती तारे द्याल? आपण एक तारा दाबतो आणि विसरून जातो. संपाच्या मागण्यांत खाती बंद होण्याचा मुद्दा का होता, हे त्या वेळी आपल्या ध्यानात येत नाही. त्याच्याकडे आपल्याला तारे देण्याची सोय बहुधा नसते. इतका एकतर्फी अधिकार आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात दुसरीकडे कुठेच मिळत नाही, आणि तो बोटाच्या टोकावर मिळतो. लोणी चुकले तर लोण्याबद्दल लिहावे. तो उद्धट वागला असेल तर तेही लिहावे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री लिहिलेले बरेचसे सकाळी खोडावेसे वाटते.

काही साधकांनी विचारले की मग असे मागवणेच बंद करावे का. त्या मुलाची रोजी त्यावर चालते, गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना त्याचा मोठा आधार आहे, तेव्हा सरसकट ‘बंद करा’ म्हणणे मला पटत नाही. यंदा शिबिराच्या रसोई-सेवेची यादी २० तारखेलाच करायची, कोरडे सामान नेहमीच्या वाण्याकडून २२ पर्यंत आणायचे, आणि २४-२५ ला फक्त दूध-केळीसारखे नाशवंत राहील असे पाहायचे, असे आमच्या गटात ठरले आहे. नारळ मात्र अजून कुणाच्याच यादीत नाहीत. ते कोण आणणार, हे ज्यांना जमेल त्यांनी रविवारच्या सत्संगाआधी कळवावे.