एकानें पाया घालावा, दुसऱ्यानें वर बांधावें

वाचावयाचा भाग : १ करिंथ ३ : ९ ते १५



करिंथ येथील मंडळीस लिहितांना पौल प्रेषित आपणांस गवंड्याची उपमा देतो. आपण पाया घातला, त्यावर दुसरे बांधीत आहेत, आणि शेवटीं प्रत्येकाचें काम कसें आहे हें अग्नीच दाखवील, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. तो पाया ख्रिस्त होय, हें आपण जाणतों. परंतु ह्या उपमेंत आणखी एक बोध आहे, व त्याकडे आज आपण लक्ष देऊं. पाया घालणारा व वर बांधणारा हे एकच नसतात. पाया मातीखालीं जातो. घर पाहावयास आलेला पाहुणा भिंतींची वाखाणणी करितो, पायाची कोणी करीत नाहीं.

इंग्रजी भाषेंत धर्मादाय निधीस 'फाउंडेशन' म्हणजे पाया असेंच नांव आहे. कोणी धनवान मनुष्य आपल्या संपत्तीचा भाग कायमचा वेगळा काढितो, विश्वस्तांच्या हवालीं करितो, आणि त्यांतून शाळा, दवाखाने व विद्येचें संशोधन चालावें अशी व्यवस्था लावितो. ज्यांचें पोट हातावर आहे अशा आपणां खेडेगांवच्या लोकांस ह्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून आम्ही अमेरिकेंतील एका निधीची हकीकत सांगतों.

ज्यूलियस रोझेनवाल्ड हे यहुदी गृहस्थ १८६२ सालीं इलिनॉय प्रांतांत जन्मले. त्यांचें शालेय शिक्षण पुरें झालें नव्हतें. पण शिकागो शहरांतील सीअर्स रोबक ह्या व्यापारी कंपनींत ते फार मोठे धनिक झाले. त्यांची ओळख बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांच्याशीं झाली. वॉशिंग्टन हे गुलामींत जन्मलेले कृष्णवर्णी शिक्षक असून, अलाबामा प्रांतांतील टस्कीगी येथील विद्यालयाचे प्रमुख होते. १९१२ सालीं पन्नास वर्षें पुरीं झालीं तेव्हां रोझेनवाल्ड ह्यांनीं त्या विद्यालयास २५,००० डॉलर दिले. वॉशिंग्टन ह्यांनीं विचारिलें कीं, ह्यांतील उरलेल्या रकमेंतून आसपासच्या खेड्यांत कृष्णवर्णी मुलांसाठीं सहा लहान शाळा बांधाव्या काय? रोझेनवाल्ड ह्यांनीं संमति दिली. ह्या सहा शाळांपासून आरंभ झाला. १९१७ सालीं रोझेनवाल्ड निधि स्थापन झाला, आणि १९३२ पर्यंत पंधरा प्रांतांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या.

आतां हें काम कोणत्या रीतीनें झालें तें पाहा. निधीनें कोणत्याही गांवास सबंध शाळा बांधून दिली नाहीं. गांवच्या लोकांनीं आधीं आपला वांटा उभा करावा, आणि सरकारी शिक्षणखात्यानें शाळा आपली म्हणून पुढें चालवावी, अशी त्याची अट होती. हे लोक बहुतेक दुसऱ्याची जमीन वांट्यानें करणारे गरीब कुळवाडी होते. कित्येकांनीं कापसाच्या शेताचा एक तुकडा शाळेच्या नांवानें राखून ठेविला. बायांनीं कोंबड्या व अंडीं विकून पैसे आणिले. ज्यांच्याजवळ कांहींच नव्हतें त्यांनीं लांकूड तोडून दिलें व अंगमेहनत केली. वीज नसे, म्हणून पुरेसा उजेड यावा अशा मोठ्या खिडक्यांचे नकाशे निधीनें तयार करून पुरविले.

शेवटीं हिशेब झाला तेव्हां एकंदर खर्च सुमारें २ कोटि ८४ लक्ष डॉलर भरला. त्यांत निधीचे ४३ लक्ष, शेजारच्या गोऱ्या लोकांचे १२ लक्ष, सरकारी करांतून आलेले १ कोटि ८१ लक्ष, आणि कृष्णवर्णी लोकांनीं स्वतः दिलेले ४७ लक्ष होते. म्हणजे कोट्यधीशाच्या निधीपेक्षां त्या कुळवाड्यांनीं व मोलकरणींनीं मिळून अधिक दिलें! मंदिराच्या दानपेटीपाशीं बसून आपल्या प्रभूनें विधवेच्या दोन टोल्यांचा जो हिशेब केला, तो येथें आपणांस कागदावर मांडलेला दिसतो.

तरी ह्यावरून धनवानाचें देणें व्यर्थ होतें असें कोणी समजूं नये. तो पैसा पुढें आला नसता तर सरकारी तिजोरीचें दार सहसा उघडलें नसतें, आणि गरिबांचा पैसाही एकटा पुरला नसता. तिपेडी दोराचा एक पेड काढिला तर मोट विहिरींतून वर येत नाहीं.

पण सत्य सांगावयाचें तर पुरतेंच सांगावें. हे गरीब लोक सरकारास कर देतच होते. गोऱ्यांच्या मुलांस जी शाळा करांतून मिळे, ती आपल्या मुलांस मिळावी म्हणून ह्यांस दुसऱ्यांदा पदरचें द्यावें लागलें. हा उघड अन्याय होता. निधीनें तो मोडिला नाहीं. काळ्यांची शाळा वेगळी व गोऱ्यांची वेगळी, ह्या रूढीच्या आंत राहूनच त्यानें बांधकाम केलें. दान हें न्यायाच्या जागीं बसवितां येत नाहीं, हें शिवेबाहेर राहण्याचें दुःख ज्यांच्या वाडवडिलांनीं सोशिलें त्या आपल्या लोकांस निराळें शिकवावयास नको.

परंतु बीज कोठें उगवेल हें पेरणाऱ्यास ठाऊक नसतें. १९२८ सालापासून हा निधि होतकरू विद्वानांस अभ्यासासाठीं वेतनेंही देऊं लागला. त्यांत मेमी क्लार्क व केनेथ क्लार्क हें कृष्णवर्णी जोडपें होतें. लहान मुलांपुढें काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवून, "चांगली कोणती?" असें त्यांनीं विचारिलें. पुष्कळ कृष्णवर्णी लेंकरांनीं गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखविलें. वेगळें ठेविल्यानें लेंकराच्या मनांत स्वतःविषयींच तिरस्कार कसा रुजतो, हें अशा संशोधनानें पुढें आलें. १९५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें वेगळ्या शाळा कायद्याविरुद्ध ठरविल्या, तेव्हां निकालपत्राच्या टिपेंत क्लार्क ह्यांच्या लेखाचा उल्लेख केला. ज्या निधीनें वेगळ्या शाळा बांधिल्या, त्याच्याच वेतनावर शिकलेल्यांनीं वेगळेपणाची भिंत पाडावयास हात लाविला.

रोझेनवाल्ड १९३२ च्या जानेवारींत वारले. आपल्यामागें पंचवीस वर्षांच्या आंत सर्व मुद्दल खर्चून निधि बंद करावा, असें त्यांनीं ठरवून ठेविलें होतें. प्रत्येक पिढीच्या गरजा निराळ्या असतात, आणि फार दिवस सांभाळलेला पैसा कामापेक्षां मोठा होऊन बसतो, असें त्यांचें मत होतें. त्याप्रमाणें १९४८ सालीं निधि संपला.

त्याच १९३२ सालीं आपल्या मुंबईंतील सर दोराबजी टाटा ह्यांनीं, दिवंगत पत्नीच्या जडजवाहिरासुद्धां, आपली सर्व संपत्ति विश्वस्तांच्या हवालीं केली, व त्याच वर्षीं ते वारले. जात, देश व धर्म न पाहतां ती खर्चावी असें त्यांनीं ठरविलें. त्यांतून १९३६ सालीं समाजसेवेचें विद्यालय नागपाडा येथें निघालें, आणि त्याचे पहिले चालक अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट साहेब होते. १९४१ सालीं परळ येथें कर्करोगाचें रुग्णालय उघडलें, व १९४५ सालीं मूलभूत विज्ञानाची संशोधनसंस्था स्थापन झाली. रुग्णालय पुढें सरकारच्या हातीं गेलें, पण आजही खेड्यापाड्यांतील रोगी त्याच्या दारीं उतरतात. हा निधि अजून चालू आहे.

एक निधि संपला, एक टिकला. मग बरा कोणता? आमच्या मतें पारख वर्षांवरून होत नाहीं. देणाऱ्यानें दिलेल्यावरचा आपला हात काढिला कीं नाहीं, आणि घेणाऱ्यानें आपला हात लाविला कीं नाहीं, ह्या दोन गोष्टींवरून ती होते.

आतां आपल्या मंडळ्यांकडे वळूं. प्रार्थनामंदिराचें छप्पर गळूं लागलें म्हणजे, "मिशनचें घर आहे, मिशन पाहील" असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. बंधूंनो, ज्या घरास आपल्या घरची एक वीटही लागली नाहीं तें आपणांस आपलें वाटत नाहीं, व म्हणूनच तें गळत राहतें. सुगीला पायलीभर जोंधळे, नाहीं तर चार दिवसांची मेहनत, एवढें तरी प्रत्येक घरानें द्यावें. मग बाहेरून आलेलें साह्य आपणांस भिक्षेसारखें लाजवणार नाहीं.

उपदेशक व पंच बंधूंनो, आपण विश्वस्त आहां. मंडळीचा पैसा दोन रुपये असो कीं दोन हजार, त्याचा हिशेब वर्षांतून एकदां सर्वांसमोर वाचून दाखवावा. न वाचलेला हिशेब हाच कलहाचा आरंभ होय.

आणि ज्यांच्या मुली शाळेंत आहेत त्या मातापित्यांस आमची विनंति आहे कीं, फळ लगेच दिसत नाहीं म्हणून त्यांस शाळेंतून काढूं नका. अलाबामाच्या पाइक परगण्यांत एका गरीब कुळवाड्याचा मुलगा अशाच एका रोझेनवाल्ड शाळेंत शिकला. त्यास उपदेश करण्याची इतकी हौस कीं, तो घरच्या कोंबड्यांपुढें उभा राहून उपदेश करी. त्याचें नांव जॉन लुइस. पुढें आपल्या लोकांच्या मताच्या हक्कासाठीं त्यानें काठ्या खाल्ल्या, आणि १९८७ पासून २०२० सालीं मृत्यु येईपर्यंत तो अमेरिकेच्या लोकसभेंत बसला. ज्या बाईनें त्या शाळेसाठीं अंडीं विकलीं तिचें नांव कोठें लिहिलेलें नाहीं. तरी पायांतील तो दगड तिचाच आहे, आणि देव तो ओळखतो.