विचारल्यावाचून निकाल नको

"सर, कोर्टात खरं काय ते कळतंच ना?"

नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने हा प्रश्न विचारला आणि माझ्या हातातला खडू फळ्यावर थबकला. एरवी हा प्रश्न पुस्तकी वाटला असता. आमच्या तुळिंजला तो तसा नव्हता. नालासोपारा पूर्वेतल्या अग्रवाल नगरी परिसरात ४१ इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. २०२४च्या अखेरीस सुरू झालेले ते काम २०२५च्या आरंभी पुरे झाले. जमिनीवर कचरा आणि सांडपाण्याच्या प्रकल्पांसाठी आरक्षण होते, इमारती अनधिकृत होत्या. रहिवाशांची धाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पण घरे काही वाचली नाहीत. हा मुलगा त्यांतल्याच एका घरातला. बापाने जन्माची पुंजी मोजून ते घर घेतले होते.

मला 'हो' म्हणवेना, आणि 'नाही' म्हणण्याचे धैर्य होईना. तेवढ्यात घंटा झाली. घंटेने माझी सुटका केली, प्रश्नाने मात्र केली नाही.

आपली न्यायालये इंग्रजी वळणाची आहेत, हे आपण जाणतो. पण ते वळण म्हणजे काय, याचा विचार क्वचितच करतो. आपल्या जुन्या गावपंचाला कोणाचा बांध कुठवर हे ठाऊक असे, आणि त्या माहितीवरच तो निकाल देई. इंग्रजी पद्धतीचा न्यायाधीश स्वतःची माहिती दाराबाहेर ठेवून आत येतो. सत्य शोधायला तो रानोमाळ हिंडत नाही. दोन पक्षांनी आपापले म्हणणे मांडावे, साक्षीदार आणावेत, एकाच्या साक्षीदाराची दुसऱ्याने उलटतपासणी करावी, आणि या घुसळणीतून जे वर येईल त्यावर, जेवढे विचारले तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे, अशी ती रीत. त्याच्या डोक्यावर दुसरे न्यायालय, त्याच्याही वर तिसरे. ही शिडी म्हणजे न्यायाधीशही चुकतो याची खुद्द न्यायसंस्थेने दिलेली कबुलीच होय.

या शिडीवर लोकमान्य टिळकांइतकी चढउतार क्वचितच कोणी केली असेल. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्यांत टिळक होते. १९०१ साली औरंगाबादेस ताई महाराजांनी जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला, असे टिळकांचे म्हणणे. पुढे ताई महाराजांनी ते नाकारले आणि दुसराच मुलगा दत्तक घेतला. दत्तक झाले की नाही, एवढाच प्रश्न! पण टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला. १९०३ साली मॅजिस्ट्रेटाने त्यांना शिक्षा ठोठावली, १९०४ साली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. दिवाणी दाव्यात १९०६ साली पुण्याच्या न्यायाधीशाने टिळकांचे म्हणणे मानले. १९१० साली, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, उच्च न्यायालयाने ते फिरवले. आणि १९१५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तेही फिरवून टिळकांना न्याय दिला. औरंगाबादेस जे घडले ते एकदाच घडले होते. निकाल मात्र चौदा वर्षे हेलकावत राहिला.

मग या शिडीचा उपयोग काय? मला वाटते, तिचा खरा मोल त्याच निकालातल्या एका तत्त्वात आहे. साक्षीदाराविरुद्ध एखादा कागद वापरून त्याला खोटे पाडायचे असेल, तर तो कागद आधी त्याच्यापुढे ठेवावा आणि त्याला खुलाशाची संधी द्यावी, असे प्रिव्ही कौन्सिलने बजावले. आज शंभर वर्षांनंतरही आपल्या न्यायालयांत त्या निकालाचा हवाला दिला जातो. सत्य सापडेलच अशी हमी कोणी देऊ नये. पण विचारल्यावाचून कोणास खोटे ठरवू नये, एवढी हमी देता येते.

हे वाचताना मला माझाच एक निकाल आठवला. वर्गात सहलीची वर्गणी नाहीशी झाली होती. मी एका मुलाकडे बोट दाखवले, कारण तो गरीब होता आणि गप्प होता. त्याला उभे केले, पण विचारले काहीच नाही. चार दिवसांनी ते पैसे माझ्याच हजेरीपटाच्या वेष्टनात सापडले. माझ्या वर्गात तेव्हा अपिलाची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावले. म्हटले, "अरे, कोर्टात खरं कळतंच असं नाही. पण कोर्टाला आधी ऐकून घ्यावं लागतं."

तो म्हणाला, "मग माझ्या बाबांना सगळे फसवणूक करणारे का समजतात, सर?"

मी सांगितले, कोर्टापुढे प्रश्न इमारतींचा होता, बाबांच्या सचोटीचा नव्हता. इमारत बेकायदा ठरली म्हणून बाबा खोटे ठरले नाहीत. ज्यांनी ती बांधून विकली त्यांच्या अपराधाचा प्रश्न वेगळा, त्याचा खटलाही वेगळा. हे सांगताना मला जाणवले, की त्याच्या बापाविरुद्धचा निकाल कोर्टाने दिलेलाच नाही. तो आम्ही दिला होता. "स्वस्तात घ्यायला गेले की असंच व्हायचं!" हे वाक्य मी नाक्यावर ऐकले होते आणि मान डोलावली होती. त्या खटल्यात ना साक्ष झाली, ना उलटतपासणी.

पाडलेले घर परत उभे करणे माझ्या हाती नाही. पण ती माणसे आता भाड्याच्या खोलीत राहतात, तिथवर मला चालत जाता येते. यंदा फराळाचे ताट घेऊन मी आणि माझी पत्नी तिकडे जाणार आहोत. ताट खाली ठेवून मी त्याच्या वडिलांना विचारणार आहे, "काय झालं होतं, ते तुमच्या तोंडून सांगाल का?" आणि त्यांचे सांगून होईपर्यंत मधे बोलणार नाही.