पावसाला दोषी धरता येतं का?

तळोद्यात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर तापी ओलांडून नंदुरबार गाठावं लागतं. तरीही मुंबईतल्या एका लोकल स्टेशनचा इतिहास मला आमच्या तालुक्याचा वाटतो. ते स्टेशन म्हणजे प्रभादेवी, पूर्वीचं एल्फिन्स्टन रोड.

जुनं नाव १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचं. जुलै २०१८ मध्ये ते बदललं. स्टेशनचा इतिहास म्हणून बहुतेकदा एवढंच सांगितलं जातं. पण नाव बदलण्याच्या दहा महिने आधी, २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, तिथे जोराचा पाऊस आला. लोक पादचारी पुलावर आडोशाला थांबले, मागून लोकलमधून उतरलेली माणसं येतच राहिली. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पश्चिम रेल्वेच्या चौकशीत मुसळधार पाऊस हे कारण ठरलं.

पावसाला दोषी धरता येतं का?

या स्टेशनाभोवती गिरणगाव होतं. बरेचसे कामगार जवळच्या चाळींत राहायचे, भोंगा झाला की चालत गिरणीत जायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर ऑफिसांचे टॉवर उभे राहिले. तिथे काम करणारे लांबच्या उपनगरांतून लोकलने येऊ लागले. शेजारचं मध्य रेल्वेचं परळ स्टेशनही याच पुलाने जोडलेलं, म्हणजे दोन मार्गांची गर्दी एकाच अरुंद जिन्यावर. टॉवरला परवानगी देणारे वेगळे, पूल सांभाळणारे वेगळे. प्रवाशांच्या तक्रारी मात्र आधीपासून होत्या. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल खुला झाला. वर्षानुवर्षं अडलेलं काम काही महिन्यांत झालं.

ज्युडिथ श्क्लार या राजकीय विचारवंत बाईंनी १९९० मध्ये दुर्दैव आणि अन्याय यांतल्या फरकावर एक पुस्तक लिहिलं. ही रेषा निसर्ग आखून देत नाही, ती माणसं ठरवतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

यावर कुणी म्हणेल, पाऊस तर खरंच पडला होता, आणि सगळ्यांनाच थोडं थोडं जबाबदार धरलं तर शेवटी कुणीच जबाबदार राहत नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून मी दोनच प्रश्न विचारतो. धोका आधी माहीत होता का? तो टाळणं कुणाच्या हातात होतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर पाऊस हे फक्त निमित्त.

हेच प्रश्न घेऊन सातपुड्यात या. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो, वाट बंद होते. काही पाड्यांवरून आजारी माणसाला, बाळंतपणाची वेळ आलेल्या बाईला बांबूच्या झोळीतून खांद्यावर न्यावं लागतं. कुणी वाटेत दगावलं की ऐकू येतं, "काय करणार, पावसाने रस्ता बंद होता." या वाक्यात दुःख खरं असतं, पण त्यात ज्याने रस्ता करायचा होता तो कुठेच नसतो.

पाऊस दरवर्षी येतो. पाड्यावरचा शेतकरी त्याचा अंदाज बांधून बी-बियाणं तयार ठेवतो. मग तोच पाऊस रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांना दरवर्षी अचानक कसा येतो, हे आपण विचारायला हवं. मुंबईतही आणि इथेही.