दुसऱ्याच्या नावाने

सज्जनहो, मागे एका आषाढीच्या वाटेवर आमच्या दिंडीतल्या वृद्ध विणेकऱ्यांना फोन आला. "मामा, मी तुमचा भाचा. दवाखान्यात पडलोय, पैसे धाडा." नाव बरोबर, आवाज रडका. त्यांनी शेजारच्या पोराकरवी मोबाइलवरून आठ हजार रुपये धाडले. भाचा बिचारा घरी भाकरी खात बसला होता! मंडळींनी म्हाताऱ्याला वेड्यात काढले. मला काही ते पटले नाही. भाच्यावर माया होती म्हणूनच ते फसले. चोराने नाव घेतले भाच्याचे, पण लुटली ती मामाची माया.

ही विद्या काही मोबाइलबरोबर आली नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मरणाविषयी लोकांच्या मनात संशय राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य पत्करलेच नाही. अशा वेळी एक कनोजी ब्राह्मण "मीच भाऊसाहेब" म्हणून उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो खोटा ठरला, कैदेत पडला. तरी १७७६ साली तो सुटला तेव्हा कोकणात फौज त्याच्याभोवती जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी पकडून त्याच वर्षी त्याला पुण्यास देहांत शासन झाले.

एकदा खोटा ठरलेल्यामागे लोक पुन्हा का गेले? काहींना कारभाऱ्यांविरुद्ध निमित्त हवे होते, ते सोडा. पण पुष्कळांना भाऊसाहेब जिवंत हवे होते. वेदान्तात अध्यासाचा दृष्टान्त आहे: अंधारात दोरीवर साप दिसतो. तिथे दोरी निरपराध असते हो, चूक पाहणाराची. तोतयाच्या ठिकाणी मात्र दोरीच फुत्कार टाकते! आणि लोकांची आशा हाच तिचा अंधार.

बरे, माणूस हे करतो कशासाठी? पैशासाठी, हे उघड आहे. पण मला वाटते, पुष्कळदा आपल्या नावाला जो मान मिळत नाही तो दुसऱ्याच्या नावाने मिळवावा, ही भूक असते. भागवतातला पौंड्रक राजा काही भिकारी नव्हता. राज्य होते, सैन्य होते. तरी खोटे शंखचक्र लावून "खरा वासुदेव मीच" म्हणू लागला.

हे मी दुसऱ्यांविषयी बोललो. आता माझे ऐका.

वयाच्या पंचविशीत एका गावी सप्ताहात कीर्तनाला उभा होतो. सिद्धान्त मांडला आणि प्रमाणाचा अभंग आठवेना. टाळकरी थांबलेले. आपल्या संप्रदायात प्रमाण संतांचेच चालते, बुवाचे कोण ऐकणार? मी तिथल्या तिथे दोन चरण जुळवले आणि शेवटी तुकोबांची मुद्रा ठोकून दिली. टाळ वाजले, माना डोलल्या, "काय प्रमाण काढले बुवांनी!" अशी वाहवा झाली.

पुढे मन टोचू लागले, तेव्हा मी त्याला दामाजीपंतांची कथा सांगितली. पांडुरंगानेही विठू महाराचे रूप घेतलेच ना? घेतले खरे. पण बेदरच्या दरबारात त्याने दामाजींनी भुकेल्यांना वाटलेल्या धान्याची रक्कम भरली, पावती दामाजींच्या नावे घेतली आणि निघून गेला. दुसऱ्याच्या रूपाने तो द्यायला गेला होता. मी तुकोबांच्या नावावर उचल केली. नारळ मला मिळाला, वाहवा मला मिळाली. आणि चरण कच्चे निघाले असते तर उणेपणा मात्र त्यांच्या नावे लागला असता.

मागल्या कार्तिकीला वाळवंटात त्याच गावची दिंडी भेटली. एक पोरगा गोड गळ्याने तेच चरण म्हणत होता, मुद्रेसकट. मी पुढे झालो. पण त्याचे डोळे मिटलेले होते, माझे तोंड उघडेना. तेव्हा त्या गावच्या मंडळींनो, इथे लिहितो. "नाव" आणि "गाव" या यमकाचे ते दोन चरण तुकोबांचे नव्हेत, माझे आहेत. मुद्रा काढून टाका. नंतर म्हणावेसे वाटले तर म्हणा.