हौसेचं बिल कुणाच्या नावावर?

अंबरनाथमध्ये एखादा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागला, की पहिल्या पगाराच्या आधी त्याला एक मानद पद मिळतं: सोसायटीचा लॅपटॉप सल्लागार. गेली काही वर्षं हे पद माझ्याकडे आहे. उल्हासनगरचा मावसभाऊ, बदलापूरचा मित्र, त्या मित्राचा धाकटा भाऊ, सगळ्यांचा मेसेज साधारण एकच असतो. 'दादा, बजेट साठ हजार. गेमिंगसाठी कोणता घेऊ? घरी कोडिंगसाठी सांगितलंय.'

यातल्या प्रश्नाचं उत्तर तांत्रिक आहे, ते मी देऊ शकतो. शेवटच्या वाक्याचं काय करायचं, यावर मात्र बरेच दिवस विचार करतोय.

आधी तांत्रिक भाग उरकून घेऊ. स्वस्त गेमिंग लॅपटॉप म्हणजे तडजोडींचं गाठोडं. ठरलेल्या किमतीत ग्राफिक्स कार्ड बसवायचं असतं आणि जाहिरातीत त्याचंच नाव मोठ्या अक्षरांत झळकतं. मग पैसे वाचवले जातात ते इतर ठिकाणी: फिके रंग दाखवणारी स्क्रीन, रॅमची एकच पट्टी, लवकर मान टाकणारी बॅटरी. कार्डाच्या नावातही मेख असते. एनव्हिडियाचं लॅपटॉपसाठीचं आरटीएक्स ४०५० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादांवर चालवता येतं. स्टिकरवर नाव तेच; पण कमी वॅटचा लॅपटॉप पातळ आणि देखणा असूनही गेममध्ये मागे पडतो. आरटीएक्स ३०५० हे ४ जीबी आणि ६ जीबी अशा दोन मेमरींत मिळतं. म्हणून दुकानात कार्डाचं नाव विचारून थांबू नका. वॅट किती, मेमरी किती, रॅमसाठी दुसरा स्लॉट आहे का, हे विचारा. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मेमध्ये बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, आणि मग महागड्या कार्डाचा अर्धा उपयोग गरम हवा बाहेर फेकण्यात जातो.

एकच नाव आणि आत वेगळीच वस्तू, हा प्रकार आमच्या पट्ट्यात कुणाला नवा नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. सगळं गमावून आलेल्या या लोकांनी मिळेल ते बनवून विकलं आणि शहर उभं केलं. त्या काळातला एक विनोद अजून सांगितला जातो. मालावर 'मेड इन यूएसए' असा शिक्का असायचा. कुणी जाब विचारलाच, तर उत्तर तयार: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन!

आपण यावर हसतो, कारण शिक्का अक्षरशः खरा आहे आणि तरीही फसवणारा आहे. 'कोडिंगसाठी' हा शिक्का मला नेमका त्याच जातीचा वाटतो. मुलगा कोडिंग करणारच आहे. मशीन लर्निंगला एनव्हिडियाचं कार्ड उपयोगी पडतं, हेही खरं. पण कॉलेजातलं सी, जावा, पायथन, डेटाबेस हे सगळं कार्ड नसलेल्या, १६ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर आरामात चालतं. मॉडेल शिकवायला लागलंच, तर गुगल कोलॅबवर मर्यादित वेळ कार्ड फुकट मिळतं. म्हणजे वाक्य खरं, आणि त्यातून घरच्यांची होणारी समजूत खोटी.

अशा वाक्यांचा आपल्याकडचा मूळपुरुष म्हणजे धर्मराज. अश्वत्थामा मेला, हे तो मोठ्याने म्हणाला. मेला तो हत्ती, हे हळूच. त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला, तो या अर्ध्या वाक्यामुळे. व्यासांनी इथे 'तांत्रिकदृष्ट्या बरोबर' अशी सूट दिलेली नाही.

पण मुलाच्या बाजूने एक भारी साक्षीदार उभा करता येतो. इमॅन्युएल कांट हा तत्त्वज्ञ खोटं बोलण्याच्या बाबतीत कमालीचा कडक. १७९४मध्ये प्रशियाच्या राजाने त्याला धर्मावरच्या लेखनाबद्दल दटावलं. कांटने 'महाराजांचा निष्ठावंत प्रजाजन म्हणून' या विषयावर बोलणार नाही, असं लिहून दिलं. १७९७मध्ये राजा वारला आणि कांट पुन्हा लिहायला मोकळा झाला. ते शब्द आपण जाणूनबुजून निवडले होते, असं त्याने नंतर सांगितलंही. मग कांटला जे चालतं ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला का चालू नये?

मला वाटतं, फरक समोर कोण आहे यात आहे. राजा कांटकडून काहीतरी हिरावून घेत होता. घेणाऱ्यापासून आपलं वाचवायला शब्दांची ढाल धरणं एक, आणि देणाऱ्याच्या हातून जास्त काढून घ्यायला तीच ढाल वापरणं वेगळं. आई पैसे देते तेव्हा ती एका विशिष्ट कारणासाठी देते. कारण बदललं, तर तिचा होकार त्या वस्तूला उरत नाही.

मागच्या वर्षी आमच्या इमारतीतल्या एक काकू मुलाला घेऊन आल्या. वडील कंपनीत शिफ्टला, काकू घरून डबे देतात. तासाभरापूर्वी मुलाने मला मेसेज केला होता, 'दादा, कोडिंगला ग्राफिक्स कार्ड लागतंच असं सांग ना प्लीज.' काकूंनी विचारलं, "अरे, याच्या शिक्षणाला साठ-पासष्टचाच लागतो का? तू त्याच लाइनमधला आहेस, तू म्हणशील तो घेऊ."

त्या शेवटच्या वाक्याने माझी पळवाट बंद केली. मी म्हणालो, "शिक्षणापुरता चाळीस-पंचेचाळीसमध्ये चांगला येईल, काकू. वरचे वीस हजार गेमसाठी आहेत. त्याला गेमची खरंच आवड आहे. हौस म्हणून घ्यायचा असेल तर त्यातला बरा कोणता, तेही सांगतो."

मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे दोन महिने जिन्यात तो मोबाइलमध्येच बघत उतरत होता. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्याला म्हणाल्या, "मग तसं बोलायचं ना. शिक्षणाचं म्हटलं की मी गळ्यातलं मोडायला निघते. हौसेचं म्हटलं असतंस तर दिवाळीपर्यंत थांब म्हटलं असतं." त्या सोनं विकायच्या तयारीत होत्या, हे मला माहीत नव्हतं. मुलालाही नसावं. शिक्षण या शब्दाची किंमत आपल्या घरांमध्ये इतकी असते. तो शब्द उच्चारला, की आईवडील स्वतःसाठी आखलेल्या मर्यादा ओलांडतात. म्हणूनच तो उसना वापरायचा नसतो.

आता मुलाची बाजू. ती खरी आहे आणि ती ऐकायला हवी. खरं बोललं तर सरळ 'नाही' मिळणार, अशी घरं असतात. अभ्यास आणि नोकरी सोडून तिसरं कुठलंच कारण चालत नसेल, तर मुलं प्रत्येक इच्छेला अभ्यासाचा गणवेश चढवतात. क्रिकेटचं किट आणताना किंवा तबल्याचा क्लास लावताना 'याचा उपयोग काय' असं फारसं कुणी विचारत नाही. स्क्रीनवरच्या खेळाला मात्र रोज साक्ष द्यावी लागते. मग ई-स्पोर्ट्समध्ये करिअर आहे, स्ट्रीमिंगमध्ये पैसा आहे, अशी कारणं शोधली जातात. मला तीही उसनीच वाटतात. सकाळी उभ्याने लोकल, संध्याकाळी उभ्याने लोकल, आणि रात्री दहानंतर मित्रांसोबत तासभर हसतखेळत हरणं, याला आणखी कुठला फायदा चिकटवायची गरज नाही. खेळ हे पुरेसं कारण आहे. ते कारण म्हणून ऐकून घेण्याची जबाबदारी मोठ्यांचीही आहे, नाहीतर खोटं बोलायची शाळा आपण घरातच चालवतो.

आपल्या भाषेत या विषयावर दोन म्हणी एकमेकींशी भांडतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि हौसेला मोल नसतं. पहिली ऐकवताना अंथरूण कुणाचं आहे, हे आपण सांगत नाही. दुसरी ऐकवताना मोल कोण चुकवतंय, हे सांगत नाही. स्वतःच्या पगारातून ऐंशी हजारांचा लॅपटॉप घेणाऱ्याला मी फक्त वॅट सांगतो. दुसऱ्याच्या अंथरुणावर पाय पसरणाऱ्याला आधी त्या माणसाला विचारायला सांगतो.

खरं बोलण्याचा एक रोखठोक फायदाही आहे. 'कोडिंगसाठी' म्हटलं की दुकानात गेमचं नाव काढता येत नाही, वॅट विचारता येत नाहीत, आणि भलताच लॅपटॉप गळ्यात पडतो. उघड बोललं की घरातले इतर प्रश्नही टेबलावर येतात. टेबल ठेवायला जागा असेल, तर त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो. आणि वन-आरकेत रात्री खेळणार असाल, तर हेडफोन तुमच्या कानावर असतो, पण लॅपटॉपच्या पंख्याची घरघर पहाटे डब्यासाठी उठणाऱ्यालाही ऐकू जाते. हे कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं.

त्यामुळे आता मला मेसेज आला, की बजेटच्या आधी मी दोन गोष्टी विचारतो. पैसे कुणाचे आहेत, आणि त्यांना काय सांगितलंय? काही जण उत्तरच देत नाहीत, दुसरा सल्लागार शोधतात. काकूंच्या मुलाने दिवाळीला घेतला. पंचेचाळीस हजार घरचे, बाकीचे त्याने शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन जमवलेले. वॅट किती, हे त्याने दुकानदाराला स्वतः विचारलं, आईसमोर.