नकळत घडलेले मरण



फुटबॉलच्या एका अंतिम सामन्यात उभा राहिलेला प्रश्न आज आपल्यापुढे ठेवीत आहे. फेडरेशन कप ही १९७७ साली सुरू झालेली आणि २०१७ पर्यंत चाललेली देशातील बाद पद्धतीची मोठी स्पर्धा होती. तिचा २००४ सालचा अंतिम सामना ५ डिसेंबर रोजी बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर झाला. एका बाजूला गोव्याचा धेंपो संघ, दुसऱ्या बाजूला कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोचा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने एक गोल केला होता. उत्तरार्धात तो दुसऱ्या गोलसाठी धावला. बागानचा अठरा वर्षांचा गोलरक्षक सुब्रत पॉल त्याला अडवायला पुढे आला. गोल झाला, पण दोघांची जोराची धडक झाली आणि क्रिस्तियानो कोसळला. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. धेंपोने तो सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्या मेलेल्या मुलाचे होते. पुढे धेंपोने त्याचा १० नंबरचा शर्ट दुसऱ्या कोणाला दिला नाही.

सुब्रत पॉलवर फुटबॉल महासंघाने दोन महिन्यांची बंदी घातली. मैदानावरच्या तुटपुंज्या वैद्यकीय सोयीवरही टीका झाली. प्रश्न असा: ठार मारण्याचा विचारही मनात नसताना आपल्या हातून एखाद्याचा जीव गेला, तर आपण दोषी ठरतो का?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात नेमका हा प्रश्न हाताळला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की दोन गोष्टी तपासाव्यात. तो माणूस जे करीत होता ते योग्य काम होते का? आणि ते करताना घ्यायला हवी तेवढी काळजी त्याने घेतली होती का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर त्याच्यावर हत्येचा दोष येत नाही. काळजी घेतली नसेल, तर मात्र 'मुद्दाम केले नाही' एवढे म्हणून सुटका होत नाही. गोलरक्षकाने पुढे येऊन चेंडू अडवणे हे त्याचे कामच आहे. काळजीचा प्रश्न तेवढा उरतो, आणि तो एकट्या गोलरक्षकाला विचारून भागत नाही. सामना भरवणाऱ्यांनाही तो विचारावा लागतो.

पण समजा, काळजीही पूर्ण घेतली होती. मग सगळे संपले का? बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली एका ट्रकचालकाचे उदाहरण दिले. त्याची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येते. लोक त्याची समजूत घालतात, आणि तशी घालावीच. पण तो जर लगेच 'माझी काय चूक?' म्हणून मोकळा झाला, तर आपल्यालाच ते खटकेल. बघणाऱ्याला झालेले दुःख वेगळे आणि ज्याच्या हातून घडले त्याचे दुःख वेगळे. दोष नसला तरी भार असतो.

मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या पिंपळगावातूनच जातो. द्राक्षांच्या हंगामात पिकअप, ट्रॅक्टर, ट्रक दिवसरात्र धावतात. आपल्यातले कितीतरी जण ड्रायव्हर आहेत. हा प्रश्न उद्या कोणाच्याही दाराशी येऊ शकतो. आणि तो आला की आपण दोनच भाषा बोलतो. एक, 'यानेच मारले'. दुसरी, 'देवाची इच्छा होती'. पहिली भाषा माणसाला जन्मभराचा खुनी ठरवते. दुसरी, झोप नसताना चालवलेल्या गाडीचा आणि न बदललेल्या ब्रेकचा दोष देवाच्या माथी मारते.

जुन्या करारात यावर तिसरी वाट सांगितली आहे. लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजाऱ्याला लागले आणि तो मेला, तर काय करावे? अशा माणसाने पळून जाऊन आसरा घ्यावा म्हणून सहा शरणपुरे ठरवून दिली होती. त्याला तिथे वेळेत पोहोचता यावे म्हणून रस्ते तयार ठेवण्याची आज्ञा होती. म्हणजे नकळत चुकलेल्याला वाचवणे ही साऱ्या समाजाची जबाबदारी होती. पण तो लगेच घरीही परतत नसे. महायाजकाच्या मृत्यूपर्यंत त्याला तिथेच राहावे लागे. जीव वाचला, पण गेलेल्या जीवाची किंमतही विसरली गेली नाही. नाशिकचे शरणपूर आपल्याला माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या त्या वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा मिळाला होता. त्या नावाचे मूळ असे खोल आहे.

सुब्रत पॉलला पुढे खेळू दिले गेले. २०११ च्या आशिया कपमध्ये तो भारताचा गोलरक्षक होता आणि २०१६ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. एका क्षणावरून त्याचे सारे आयुष्य मोजले गेले नाही, हे योग्यच झाले. आणि धेंपोच्या त्या शर्टाने गेलेल्याची आठवणही राखली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

तेव्हा गावात असा प्रसंग घडला तर आपण दोन्ही घरी जावे. ज्यांचे माणूस गेले त्यांच्या घरी तर आपण जातोच. ज्याच्या हातून गेले त्याच्या ओट्यावर मात्र कोणी फिरकत नाही. त्याला 'काही झालेच नाही' असे सांगू नये आणि 'तू खुनी' असेही म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे. आणि त्याला त्या दुसऱ्या घरी जाण्याचे धैर्य झाले, तर सोबत चालावे. शरणपुराचा रस्ता आता आपणच तयार ठेवायचा आहे.

तुमचे धर्मगुरू