मरणाची गोष्ट आजाऱ्याशीच बोला



आई अंथरुणाला खिळली, की तिच्या मरणाची चर्चा ओसरीवर होते. तिच्याशी कोणी बोलत नाही. अपंग भावाचेही तसेच. परावलंबी झाला म्हणून माणसाचे मत संपते काय?

नकुलपिता मरणपंथाला लागला, तेव्हा नकुलमातेने विषय टाळला नाही. चिंता घेऊन मरू नका, सूत कातून मी मुले सांभाळीन, असा तिने त्याला धीर दिला. त्याचे मन हलके झाले, दुखणे उतरले. तथागतांनी तिची प्रशंसा केली.

तुम्हीही उशाशी बसा. तुझे ओझे नाही, हे आधी सांगा. नाहीतर भीतीपोटी होकार मिळेल. मग विचारा: दवाखान्यात की घरी? कोणाला भेटायचे? अंत्यविधी बौद्ध पद्धतीनेच ना? वाचा गेली असेल तर खुणेने विचारा.

असाध्य आजारात यंत्रावर जगवू नये, ही इच्छा शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. पण ती इच्छा त्यांची असावी, आपली नव्हे.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वतीने दुसरेच बोलले. तोच अन्याय आपल्या घरात नको.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!